पन्नासावर थांबायचं

मी माणूस नियमाचा. आमच्या खोलीतले बाकीचे पाच जण त्याला खडूसपणा म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही. बाथरूमला नंबर कसा लावायचा, कपडे कुणी कधी धुवायचे, भाजीत मीठ एकानंच टाकायचं, हे सगळं मी कागदावर लिहून दारामागे चिकटवलं आहे. दोह्यात एसीच्या डक्टचं काम करता करता फोरमन झालो. कामावर माझ्या हाताखाली बारा जण आहेत आणि खोलीत पाच, आणि दोन्हीकडे माझा आवाज सारखाच चढतो.

गुडघा गेला तसं माझं क्रिकेट सुटलं. मग शुक्रवार सकाळच्या आमच्या मॅचचा मी अंपायर झालो. अल थुमामात आमच्या व्हिलाच्या मागे बरीच मोकळी जागा आहे. तिथं टेनिस बॉलवर मॅच व्हायच्या. कोल्हापूरवाले, साताऱ्याचे, नांदेडकडचे, शिवाय दोन-चार मल्याळी. मी पायात सेफ्टी शूज आणि डोक्यावर टोपी घालून उभा राहायचो आणि एकाचंही ऐकून घ्यायचो नाही.

त्या वर्षी माणदेशातला एक पोरगा आमच्या कंपनीत आला. वय बावीस, आयटीआय झालेला, अंगानं सडपातळ आणि हात गुडघ्यापर्यंत यावेत इतके लांब. तो माझ्याच टीमला मिळाला आणि खोलीतला रिकामा पलंगही त्यालाच मिळाला. पहिल्या शुक्रवारी त्यानं बॉल हातात घेतला आणि पहिलाच चेंडू असा सुटला की बॅट्समनला दिसला नाही. मला मात्र त्याचं कोपर दिसलं. वाकत होतं. मी हात आडवा केला, "नो बॉल." दुसरा टाकला, नो बॉल. तिसराही तसाच.

तो माझ्याकडे आला. "अण्णा, माझा हातच तसा हाय. लहानपणापास्नं सरळ हुत न्हाई."

"मग हात खोलीवर ठेवून येत जा," मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो. तो हसला नाही. बॉल माझ्या हातात देऊन तो सीमेवर जाऊन उभा राहिला. त्यानंतर दोन वर्षं त्यानं बॉलिंग मागितली नाही आणि मीही ये म्हणालो नाही. पोरं त्याला फेक्या म्हणायची. सीमेवरून त्याचा थ्रो मात्र यायचा तो थेट कीपरच्या हातात, टप्पा न पडता. कीपर हात झटकत शिव्या द्यायचा. मी तेही पाहायचो आणि मनात म्हणायचो, नियम म्हणजे नियम.

मग एका गुरुवारी कुणीतरी ग्रुपवर एक मेसेज टाकला. अल दुहैलमध्ये एका शाळेच्या मैदानावर बेसबॉलवाले नवीन पोरं घेत होते. वय पंचविसाच्या आत हवं, क्रिकेटवाले चालतील, फक्त जोरात फेकता आलं पाहिजे. खाली एका महाभागानं लिहिलं होतं, 'फेक्या, तुझी जागा निघाली.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. पोरगा पलंगावर बसून तो मेसेज बराच वेळ वाचत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अण्णा, उद्या गाडी मिळंल का?"

कंपनीची पिकअप माझ्या ताब्यात असते. मी एरवी तिचं चाकही कुणाला फिरवू देत नाही. पण त्या दिवशी हो म्हणालो. दोन वर्षं मनात काहीतरी टोचत होतं, त्याला नाव द्यायची मला लाज वाटत होती.

बेसबॉल मी आयुष्यात पाहिला नव्हता. मैदानाच्या मधोमध मातीचा छोटा उंचवटा, त्यावर उभं राहून बॉल टाकायचा. टप्पा पाडायचा नाही, समोर उकिडवा बसलेल्याच्या ग्लव्हमध्ये थेट फेकायचा. मधे बॅट घेऊन एक जण उभा. कोच व्हेनेझुएलाचा, इथल्या शाळेत पीटी शिकवणारा, पोट सुटलेला आणि आवाज बारीक. त्यानं पोराला बॉल दिला आणि इंग्रजीत म्हणाला, "टाक, जसा येतो तसा."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं टाकला. ग्लव्हचा आवाज पार कुंपणापर्यंत आला. कोचनं आणखी पाच टाकायला लावले, वहीत काही लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "हे कोपर कुणी शिकवलं?"

"देवानं," पोरगा तोडक्या इंग्रजीत म्हणाला.

"त्याला सांग, छान शिकवलंय."

मी तिथं उभा होतो. इतका ओशाळलो की गाडीत पाण्याची बाटली राहिली असं सांगून सटकलो.

त्या क्लबच्या तीन टीम होत्या. खालची, मधली आणि वरची. वरची टीम आखातातल्या स्पर्धांना बाहेरदेशी खेळायला जायची. बाकीच्या दोन्ही तिच्यासाठी पोरं तयार करायच्या. आमच्याकडे रोप वाफ्यात टाकतात, मग काढून वावरात लावतात, तसाच प्रकार. अशा टीमना तिकडे फार्म म्हणतात हे कोचनं सांगितलं तेव्हा पोरगा मला म्हणाला, "घ्या. गावाकडची शेती सोडून हितं आलो, आन हितं बी शेतातच."

सुरुवातीला त्याच्या क्रिकेटच्या सगळ्या सवयी वर आल्या. बॉल मारला की जागेवर उभा. रन आहे की नाही ते आधी बघणार. तिथं मारला की पळावंच लागतं. कोच ओरडला, "यल्ला, पळ!" तर हा बॅट हातात घेऊन पळाला. बॅट टाकायची असते हे समजायला तीन शुक्रवार गेले. कॅच आला की डाव्या हातातला ग्लव्ह बाजूला करून उघड्या उजव्या हातानं पकडायचा. बरोबरची पोरं हसून लोळायची. त्यांच्यात मदिनत खलीफा भागात राहणारा एक सतरा वर्षांचा मुलगा होता, आईवडील पुण्याचे, दोघंही आयटीत. त्याला मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीतच. येताजाता तो आमच्या गाडीत बसायचा आणि आमच्या पोराला इंग्रजीत नियम समजावून सांगायचा. तोही बॉल टाकणाराच. दोघांची वरच्या टीमसाठी एकच जागा आहे हे दोघांनाही माहीत होतं, तरी गाडीत केळी वाटून खायचे.

चार महिन्यांत आमचा पोरगा खालच्या टीममधून मधल्या टीममध्ये गेला. त्या दिवशी मी खोलीवर शिरा केला. पोरांनी त्याला फेक्या म्हणायचं सोडून 'पिचर', म्हणजे बेसबॉलचा बॉलर, म्हणायला सुरुवात केली, आणि तो तेव्हाही हसला नाही, पण शिरा दोनदा घेतला.

कोचचा एक नियम होता. एका दिवशी पन्नास बॉल. पन्नासावर थांबायचं, मग चार दिवस बॉलला हात लावायचा नाही. एक माणूस कुंपणापाशी बसून मोजायचा. पन्नासावा पडला की तो शिट्टी वाजवायचा आणि कोच लगेच "खलास" म्हणून बॉल काढून घ्यायचा, मग सामना कुठेही असो.

मला हे काही पटलं नाही. आठवड्यातून एकदा पन्नास? आमच्या गावच्या पोरांनी एका दुपारी दोनशे टाकले असतील. थेंबे थेंबे तळे साचे हे आम्ही शाळेत फळ्यावर लिहीत आलो. मेहनत कमी करा असं सांगणारा कोच मला आळशी वाटला. शिवाय मला घाई होती. पोराची दोन वर्षं माझ्यामुळं सीमेवर उभं राहण्यात गेली होती. ती भरून काढायची होती, आणि ती मीच भरून काढायची असं मी मनाशी ठरवलं होतं.

आमच्या वर्कशॉपच्या मागे डक्ट ठेवायची शेड आहे. तिच्या भिंतीवर मी इन्सुलेशनचा जाड फोम तीन थरांत चिकटवला आणि मार्करनं चौकोन काढला. बॅट्समनच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत, अगदी टेपनं मापून. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पोरगा तिथं टाकायचा. मी बाजूला डबा घेऊन बसायचो.

"अण्णा, कोच म्हनतुया चार दिवस हात लावू नगं."

"कोचला काय माहीत आपली हाडं कशाची बनलीत ते. टाक."

तो टाकायचा. शंभर, कधी सव्वाशे. रोज. मी मोजत नव्हतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचं कोपर किती वाकतं ते पाहिलं, त्यानं बॉल किती झाले ते पाहिलं नाही. चौकोनात बसला की मी "शाब्बास" म्हणायचो आणि बाहेर गेला की "परत." दीड महिना हे चाललं. बॉलचा वेग वाढला होता, कोच खूष होता, आणि मी स्वतःवर त्याहून जास्त खूष होतो. वरच्या टीमची यादी लावायच्या आधी शेवटचा एक सामना ठरला. दोघांपैकी कोण वर जाणार ते त्यावर ठरणार होतं.

त्या आठवड्यात एका इमारतीच्या छतावर आम्ही डक्ट टांगत होतो. डोक्यावरचा नट आवळायचा होता. पोरानं पाना उजव्या हातात घेतला, वर नेला, खाली आणला आणि डाव्या हातात घेतला. मला वाटलं जागा अडचणीची आहे म्हणून. नंतर चहाचा कपही त्यानं डाव्या हातानं घेतला. मी विचारलं, "काय झालं रे?"

"काय न्हाय. झोपताना हात खाली आला."

मी मान डोलावली. खरं म्हणजे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण कळलं असं स्वतःशी कबूल केलं नाही, कारण शुक्रवार दोन दिवसांवर आला होता.

शुक्रवारी सकाळी मदिनत खलीफाच्या मुलाला घ्यायच्या आधी मी पेट्रोल भरायला थांबलो. पोरगा उतरला, आणि परत बसताना त्यानं दार ओढायला डावा हात अंगावरून पलीकडे नेला. कसरतच होती ती. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली.

"हात सरळ कर."

त्यानं केला. निम्मा झाला आणि थांबला. चेहरा मात्र त्यानं हलू दिला नाही.

"किती दिवस?"

"धा-बारा."

"आणि टाकत राहिलास?"

"तुमी टाक म्हनत व्हता."

बाहेर एक बाई मुलाला आइस्क्रीम घेऊन देत होती, मी तिच्याकडेच बघत बसलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत. शेवटी म्हणालो, "कोचला सांगू या."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "आज न्हाई! आज टाकू दे, अण्णा. पन्नासच तर हाईत. येकदा वर गेलो की मग सांगू, मग घेतील सुट्टी. आज सांगितलं तर ते पोरगं वर जानार आन मी हितंच. पुढल्या वर्साला माजं वय बसनार न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मागं बी तुमीच थांबवलं व्हतं मला."

हे त्यानं म्हटलं आणि लगेच खिडकीकडे तोंड केलं. मी गाडी सुरू केली. मदिनत खलीफाच्या मुलाला घेतलं. तो मागे बसून काहीतरी गात होता. एक मन म्हणत होतं, पन्नास बॉलचा प्रश्न आहे, पोराचं आयुष्य बनेल. दुसरं मन त्या पान्याकडे बघत होतं. हा पोरगा हातानं काम करतो. बेसबॉल गेला तर वाईट वाटेल, हात गेला तर काय खाईल?

मैदानावर पोहोचल्यावर मी सरळ कोचकडे गेलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. फोम, भिंत, चौकोन, दुपार. कोचनं विचारलं, "रोज किती?"

"शंभर. कधी जास्त."

"किती दिवस?"

"दीड महिना."

कोचनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "तो नियम मी गंमत म्हणून केला नव्हता, सर." मला 'सर' म्हणाला. अंपायर असताना मला कुणी सर म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते असं.

त्यानं पोराला बोलावून कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबलं. पोरगा ओरडला नाही, पण गुडघ्यात वाकला. एवढं पुरे होतं. त्या दिवशी बॉल मदिनत खलीफाच्या मुलानं टाकला. चांगला टाकला, त्यात खोट काढायला जागा नव्हती. सामना संपल्यावर तो आमच्या पोराजवळ येऊन बसला आणि त्याचा ग्लव्ह नीट बांधून दिला.

क्लबच्या डॉक्टरनं तपासण्या केल्या. आतला बंध ताणला होता, तुटला नव्हता. सात आठवडे फेकायचं नाही, जड उचलायचं नाही. त्याच सामन्यात पन्नास टाकले असते तर तुटला असता, असं डॉक्टर म्हणाला. वर कोण जाणार ते सांगायची गरजच नव्हती. कोचनं आमच्या पोराचं नाव मधल्या टीममध्ये ठेवलं आणि वयाची अट एका वर्षासाठी सैल करता येते का ते विचारतो म्हणाला. होईलच असं नाही, हेही त्यानंच सांगितलं.

मी त्याला हलक्या कामावर लावलं, फिल्टर धुवायचं. तो यायचा, धुवायचा, जायचा. माझ्याशी बोलणं कामापुरतं. खोलीत माझ्या हातची भाजी घ्यायचा, पण ताट घेऊन पलंगावर जाऊन बसायचा. फोमची भिंत मी एकट्यानं एका दुपारी खरवडून काढली. गोंद चांगला लावला होता, निघता निघेना. माझी नखं गेली. स्वतःची मला अजिबात कीव आली नाही.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी मी भाकरी थापत होतो. तो पलंगावर बसून गावाकडे व्हिडिओ कॉलवर आईशी बोलत होता. एरवी मी कुणाचं ऐकत नाही, तोही माझा नियम आहे. पण खोली दहा बाय बाराची.

"हात कसा हाय?" आई विचारत होती.

"बरा हाय. अण्णांनी टायमावर थांबवलं म्हनून वाचला. न्हाईतर तुटलाच असता."

माझा हात परातीतच थांबला. यानं घरी भिंतीचं काही सांगितलं नव्हतं. तीन आठवडे माझ्याशी नीट बोलत नव्हता आणि तिकडे माझं नाव चांगलं करत होता.

"दे बगू त्यास्नी," आई म्हणाली.

मी पीठ पुसून फोन घेतला. पडद्यावर तिची हनुवटी आणि मागचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. ती म्हणाली, "लई उपकार झालं बगा अण्णा. तितं आमचं कोन हाय? तुमी हाईसा म्हनून मी निवांत झोपते."

पोरगा पलंगावरून मला मान हलवून नको नको म्हणत होता. गप्प बसायला काही अवघड नव्हतं. दोन वाक्यं बोलून फोन परत दिला असता तर तिला कधी कळलं नसतं.

"ताई," मी म्हणालो, "हात माझ्यामुळंच दुखावला. कोच नको म्हणत होता आणि मी रोज दुपारी त्याला टाकायला लावत होतो. शंभर-शंभर. मोजलं नाही मी. त्याची वरची टीम माझ्यामुळं गेली."

तिकडे कुठेतरी शेळी ओरडली. पोरानं डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटले होते.

मग तिनं फोन सरळ धरला. पहिल्यांदाच तिचे डोळे दिसले. "आन आता?"

"आता डॉक्टर सांगेल तेव्हाच. पहिले पंधरा दिवस दहाच बॉल, मग वीस. एकही जास्त नाही."

"मोजनार कोन?"

मी पोराकडे पाहिलं. तो डोळे उघडून माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, "अण्णाच मोजतील, आये."

ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी बाजारात माणूस माल घेण्याआधी उलटून बघतो.

"नीट मोजा मग," ती म्हणाली. "ल्योक येकच हाय माजा."